केमिकल इंजिनिअरिंगला इन्स्ट्रूमेंटेशनची जोड द्यावी का?

जुई_घणसोली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. मी नवी मुंबईतल्याच एका कॉलेजात केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे मायनर म्हणून दुसऱ्या शाखेचे काही विषय घेता येतात. पर्याय दोनच, डेटा सायन्स नाहीतर इन्स्ट्रूमेंटेशन अँड कंट्रोल (प्लांटमधली मोजमापाची उपकरणं आणि त्यांच्या आधारे प्लांट आवरणं). जवळजवळ सगळा वर्ग डेटा सायन्सच्या रांगेत उभा आहे. मला मात्र प्रोसेस कंट्रोल मनापासून आवडायला लागलंय, हसू नका पण लॅप्लेस ट्रान्सफॉर्मची गणितं मी मजा म्हणून सोडवते.

बाबा तुर्भ्याला एका केमिकल कंपनीत स्टोअर्सला आहेत. ते म्हणतात की प्लांटमध्ये प्रोसेसवाला तो प्रोसेसवाला आणि इन्स्ट्रूमेंटवाला तो इन्स्ट्रूमेंटवाला, मधे उभं राहणाऱ्याला दोन्हीकडचे कामाला लावतात आणि प्रमोशन कुणीच देत नाही. आता मला कळत नाहीये की मायनर घ्यावा, की गुपचूप केमिकल पूर्ण करून गेट देऊन एम.टेक.ला कंट्रोलकडे वळावं, की ठाण्यात स्टेशनच्या आसपास पीएलसी-स्काडाचे (मशीन आपोआप चालवणारे छोटे संगणक आणि त्यांचे स्क्रीन) क्लास आहेत तिथे सुट्टीत जावं (फी बऱ्यापैकी आहे). प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सांगा ना.

रिकामटेकडा

लॅप्लेस, मजा म्हणून. प्रशासक, या आयडीची चौकशी करा.

पाईपवाला

बाबांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. मी ईपीसी (प्लांट डिझाइन करून उभारून देणाऱ्या) कंपनीत प्रोसेसला आहे, ऐरोलीला बसतो. आमच्या मजल्यावर रांगाच वेगळ्या, खिडकीकडे प्रोसेस आणि लिफ्टकडे इन्स्ट्रूमेंट. पी अँड आयडी (पाइप आणि उपकरणांचा नकाशा) आम्ही काढतो, म्हणजे काय मोजायचं आणि कुठल्या व्हॉल्वने आवरायचं ते आम्ही ठरवतो. मग प्रत्येक कंट्रोल व्हॉल्वच्या डेटाशीटचा वरचा भाग आम्ही भरतो, किमान-नॉर्मल-कमाल फ्लो, व्हॉल्वच्या आधीचं आणि नंतरचं प्रेशर, तापमान, घनता, व्हिस्कॉसिटी, व्हेपर प्रेशर. खालचा भाग इन्स्ट्रूमेंटवाले भरतात, साइझ, ट्रिम (व्हॉल्वच्या आतले भाग), मटेरियल, अॅक्च्युएटर. कागद एकच, माणसं दोन आणि भांडणं सगळी त्या मधल्या रेघेवर. प्रोसेसवाल्याने व्हेपर प्रेशर भरलं २५ डिग्रीचं आणि लाइन चालणार ९० डिग्रीला, की लिक्विड व्हॉल्वच्या आतच उकळायला लागतं, फ्लॅशिंग नाहीतर कॅव्हिटेशन होऊन ट्रिम खाल्ली जाते, आणि साइटवरून बोंब येते की व्हॉल्व खराब दिला. व्हॉल्व बिचारा दिलेल्या आकड्यांना बरोबरच असतो.

रेघेच्या दोन्ही बाजू वाचता येणाऱ्याला किंमत आहे, पण त्या नावाचं पद जाहिरातीत नसतं. शिरताना तुला एकाच दारातून शिरावं लागेल आणि तुझं दार केमिकल आहे. मायनर घे, फक्त बायोडेटावर त्याची एक ओळ होईल एवढीच अपेक्षा ठेव.

लूपतोड्या

पाईपवाले साहेब, ऑफिसातून बरोबर दिसतंय तुम्हाला, फील्डवरून थोडं वेगळं दिसतं.

मी नांदेडच्या एसजीजीएसचा इन्स्ट्रूमेंटेशनचा, आयुष्य रिफायनरी आणि केमिकल प्लांटमध्ये गेलं. सगळ्या प्रोसेसवाल्यांबद्दल माझी एकच तक्रार आहे, स्क्रीनवर आकडा दिसला की त्यांना तो खराच वाटतो. आकडा कुठून येतो, डायफ्राममधून येतो की इम्पल्स लाइनमध्ये (उपकरणापर्यंत प्रेशर नेणाऱ्या नळीत) साचलेल्या पाण्यातून, हा प्रश्नच पडत नाही. ऑरिफिसवर (पाइपातल्या भोकाच्या चकतीवर) डीपी, म्हणजे दोन बाजूंच्या प्रेशरमधला फरक, मोजतो आपण, फ्लो त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे फ्लो १० टक्क्यांवर आला की डीपी उरतो १ टक्का. त्या १ टक्क्यात ट्रान्समीटरची (मोजून आकडा पाठवणाऱ्या उपकरणाची) चूक किती, झीरो किती सरकलाय, याचा विचार न करता माणसं मटेरियल बॅलन्स करत बसतात आणि मग म्हणतात लॉस कुठे जातोय.

जुई, तू शिकतेयस तर टेक्सास सिटीची केस नीट वाच. २३ मार्च २००५, अमेरिकेतली बीपी या तेल कंपनीची रिफायनरी, आयसोमरायझेशन युनिटचं स्टार्टअप चालू. रॅफिनेट स्प्लिटर नावाचा १७० फुटी टॉवर, आणि लेव्हल ट्रान्समीटर बघणार तळाचा फक्त ५ फुटांचा पट्टा. टॉवर भरत गेला भरत गेला, बाहेर जाणारी लाइन बंद होती. शेवटी आत लिक्विड १५८ फुटांवर आणि पॅनलवर लेव्हल ७८ टक्के, वर ती हळूहळू कमी होताना दिसतेय! ऑपरेटरला काय वाटणार? हाय लेव्हलचा वेगळा अलार्म होता तोही वाजला नाही. पुढे लिक्विड वरून ब्लोडाउन स्टॅकमधून (जादा माल बाहेर सोडायच्या उंच धुराड्यातून) बाहेर आलं, आग, स्फोट, १५ माणसं गेली आणि १८० जखमी.

आता लेव्हल कमी का दिसत होती ते बघ, कारण तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर तिथेच आहे. ट्रान्समीटर डिस्प्लेसर टाइपचा होता, तो लिक्विडच्या उत्प्लावक बलावर चालतो. डिस्प्लेसर पूर्ण बुडाला की त्याला लेव्हल कळणंच बंद होतं, तो फक्त घनता दाखवतो. लिक्विड तापत होतं, तापलं की हलकं होतं, हलकं झालं की आकडा खाली. शिवाय कॅलिब्रेशन जुन्या डेटाशीटवरच्या घनतेने केलेलं. घनता तापमानाने किती बदलते हे केमिकलवाल्याला पाठ असतं, डिस्प्लेसर कसा चालतो हे इन्स्ट्रूमेंटवाल्याला. दोन्ही एकाच डोक्यात असलेला कुणी तिथे उभा असता तर भरणाऱ्या टॉवरची लेव्हल उतरताना बघून त्याच्या पोटात गोळा आला असता.

तेव्हा माझं मत, मायनर घेच.

मावशी_कळवा

बाई गं, काय भयंकर. आमचे हे ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका जुन्या कंपनीत पॅनलवर होते, ती कंपनी बंद होऊन जमाना झाला. त्यांच्या वेळी सगळं हवेवर चालायचं. ३ ते १५ पीएसआयच्या बारीक नळ्या फील्डपासून पॅनलपर्यंत, गोल चार्ट, त्यावर शाईचं पेन. घरी आले की बोटं निळी-तांबडी असायची. ते म्हणतात की चार्टवरच्या रेघेच्या थरथरण्यावरून त्यांना कळायचं कुठला व्हॉल्व अडकतोय. जुई तू शीक गं, मुलींनी असलंच काहीतरी वेगळं शिकावं.

अवखळ

सगळ्यांना नमस्कार, पण वास्तवाला धरून बोलूया का? मी स्वतः केमिकल, ठाण्यात घोडबंदरला राहतो, गेली काही वर्षं आयटीत. माझ्या बॅचचे जे प्लांटला गेले ते अजून रोटेटिंग शिफ्ट करतायत आणि माझा पगार सांगत नाही उगाच नजर लागेल. पूर्ण वर्ग डेटा सायन्सला चाललाय तो वेडा आहे का? इन्स्ट्रूमेंटेशनची कॉलेजातली सीट भरत नाही म्हणून त्यांचे विषय मायनर म्हणून खपवतात असं माझं प्रामाणिक मत.

रिकामटेकडा

पगार सांगा, नजरेला बायपास टाकू.

तळोजाकर

अवखळ, शिफ्टला नावं ठेवू नका, पहाटेचा वडापाव तुमच्या आयटी पार्कात मिळतो का.

मी तळोज्याला बॅच प्लांटला शिफ्ट इन्चार्ज. मी केमिकलच, डिप्लोमा मग डिग्री. आमच्याकडे एक्सोथर्मिक (उष्णता बाहेर टाकणारी) रिॲक्शन, रिॲक्टरला जॅकेट, आधी स्टीमने गरम करायचं मग रिॲक्शन पेटली की लगेच कूलिंग द्यायचं. हे सगळं एकाच कंट्रोलरच्या आउटपुटवर, स्प्लिट रेंज म्हणतात, अर्ध्याच्या खाली कूलिंगचा व्हॉल्व आणि अर्ध्याच्या वर स्टीमचा. कॉलेजात कंट्रोल शिकवतात तेव्हा ट्यूनिंगचं (कंट्रोलर किती जोराने हलवायचा ते जुळवण्याचं) झिगलर-निकोल्सचं टेबल तोंडपाठ करून घेतात, ती १९४२ची पद्धत आहे, वाईट नाही, पण तिच्यात पहिल्या उसळीच्या एक चतुर्थांश दुसरी उसळी अशी अपेक्षा धरलेली आहे. म्हणजे उसळी येणारच! माझ्या रिॲक्टरला उसळी परवडत नाही, सेट पॉइंटच्या (हव्या त्या तापमानाच्या) वर थोडं गेलं की रिॲक्शनचा वेग वाढतो, वेग वाढला की आणखी उष्णता, आणि मग मी पॅनलवर आणि सगळी शिफ्ट गेटच्या दिशेने.

त्यात दुसरी गोम म्हणजे रीसेट वाइंडअप. गरम करताना तासभर तापमान सेट पॉइंटच्या खालीच असतं, तेवढा वेळ कंट्रोलरचा इंटिग्रल (आतापर्यंतच्या फरकाची बेरीज) साठत बसतो. सेट पॉइंट आला तरी स्टीमचा व्हॉल्व उघडाच, कारण साठलेलं उतरायला वेळ लागतो, आणि नेमकी तेव्हाच रिॲक्शन सुरू होते. आमच्या एका ऑपरेटर काकांना यातलं एक अक्षर माहीत नाही पण ते ५-६ डिग्री आधी लूप (मोजणं, ठरवणं, व्हॉल्व हलवणं ही साखळी) मॅन्युअलला टाकून स्टीम हाताने तोडतात आणि मग परत ऑटोला देतात. नवीन इंजिनिअर येतो, म्हणतो काका मॅन्युअल का, ऑटोवर चालवा. काका गालात हसतात.

मला असा इंजिनिअर पाहिजे ज्याला काका काय करतात ते कळेल आणि तेच कंट्रोलरमध्ये घालता येईल. मिळत नाही. केमिकलवाला ट्यूनिंगच्या स्क्रीनला हात लावत नाही आणि इन्स्ट्रूमेंटवाला म्हणतो व्हॉल्व हलतोय ना, ट्रान्समीटर बरोबर दाखवतोय ना, मग माझं काम झालं.

लूपतोड्या

शेवटचं वाक्य मान्य नाही, पण पुढच्या रविवारी मान्य करीन :)

कॅस्केड

जुई, मी तुझ्याच वाटेवरून गेलेली आहे म्हणून लिहिते. बी.ई. केमिकल मुंबई विद्यापीठातून, मग गेट आणि पवईला, आयआयटीत, सिस्टिम्स अँड कंट्रोलचं एम.टेक. हा तिथला आंतरशाखीय विभाग आहे, केमिकलचा पेपर देऊनही जाता येतं, माझ्या वर्गात इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, एअरोस्पेस अशी सगळी भेळ होती. केमिकलच्या गेटमध्ये इन्स्ट्रूमेंटेशन अँड प्रोसेस कंट्रोल हा भाग असतोच, तो तुला आवडतोय तर तिथले मार्क हातचे. आता मी अॅडव्हान्स्ड प्रोसेस कंट्रोलमध्ये आहे, ऑफिस महापेला, काम देशभरच्या रिफायनऱ्यांत.

अवखळ यांच्याशी थोडं भांडायचं आहे. डेटा सायन्स वाईट नाही, मी रोज पायथन लिहिते. पण प्लांटचा डेटा दुकानाच्या बिलांसारखा नसतो, तो बंद लूपमधला असतो. समजा टेम्परेचर कंट्रोलर चांगला चाललाय. वर्षभराच्या डेटात तापमान सरळ रेघेत दिसणार आणि स्टीम वरखाली होताना दिसणार. हा डेटा तू मॉडेलला दिलास तर ते सांगेल की स्टीमचा आणि तापमानाचा काही संबंध नाही! खरं तर संबंध इतका पक्का आहे की कंट्रोलरने त्याचाच वापर करून तापमान धरून ठेवलंय. हे ज्याला माहीत नाही तो कितीही मोठं मॉडेल लावो, निष्कर्ष उलटाच काढणार. म्हणून आम्ही स्टेप टेस्ट करतो, मुद्दाम एकेक व्हॉल्व किंवा सेट पॉइंट थोडा हलवायचा आणि प्लांट कसा वागतो ते बघायचं. ऑपरेटर शिव्या घालतात ते वेगळं.

ही पद्धत नवीन नाही, शेलच्या कटलर आणि रामेकर यांनी डायनॅमिक मॅट्रिक्स कंट्रोल १९७९ मध्ये मांडलं, आज मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल म्हणून जे विकलं जातं त्याच्या मुळाशी ते आहे. एका वेळी अनेक व्हॉल्व, अनेक मर्यादा, पुढचं काही वेळाचं भाकीत करून हालचाल ठरवायची. गणित देखणं आहे, तुला आवडेल. पण प्रत्यक्षात प्रोजेक्ट सुरू झाला की पहिले काही आठवडे काय करतो माहितीये? खालचे साधे पीआयडी (फरक, त्याची बेरीज आणि त्याचा वेग बघून चालणारे) लूप बघतो. कुठला व्हॉल्व चिकटतो, कुठला लूप कायम मॅन्युअलला आहे, कुठला ट्रान्समीटर चुकीच्या रेंजचा आहे. तो पाया दुरुस्त झाल्याशिवाय वरचं काहीही चालत नाही, आणि खरं सांगू का, बरेचदा पैसा तिथेच वाचतो, वरच्या मॉडेलच्या आधीच.

अवखळ

बंद लूपचा मुद्दा डोक्यात नव्हता आला, चांगला आहे. पगाराचा मुद्दा मात्र कुणी खोडला नाही हे नोंदवून ठेवा.

कॅस्केड

बरा आहे हो पगार. घोडबंदरला घर घेण्याइतका नाही, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकायला तर अजिबात नाही.

दिघा_लोकल

ट्रॅफिकवरून आठवलं, ट्रान्सहार्बरला संध्याकाळी घणसोलीला चढता येत नाही, त्यावर कुणी कंट्रोल लूप बसवेल का. सेट पॉइंट: एक पाय ठेवायला जागा.

रिकामटेकडा

व्हॉल्व चिकटलाय साहेब, दारात उभे राहणारे आत सरकत नाहीत.

मावशी_कळवा

आणि रात्री त्या भागात वास येतो त्याचं काय? माझी बहीण कोपरखैरण्याला आहे, खिडकी उघडत नाही पावसाळ्यात.

दिघा_लोकल

मावशी, वासाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण मी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ईटीपीला (सांडपाणी शुद्धीकरणाला) आहे आणि धाग्याच्या विषयाला धरून सांगतो, कुणाला केमिकल अधिक कंट्रोल का लागतं ते बघायचं असेल तर पीएचचा लूप बघा. ॲसिडचं पाणी येतं, त्यात अल्कली टाकून ७ च्या आसपास आणायचं. ऐकायला सोपं. पण पीएच लॉगॅरिदमिक आहे ना, तीव्र ॲसिड असेल तर २ वरून ३ वर न्यायला जेवढी अल्कली लागते त्याच्या दहा हजारावा भाग ६ वरून ७ वर न्यायला पुरतो. म्हणजे तोच व्हॉल्व, तेवढीच हालचाल, खाली काही फरक नाही आणि ७ जवळ आलं की एकदम उडी १० वर. मग कंट्रोलर ॲसिड मागतो, मग परत अल्कली, दिवसभर दोन्ही टाक्या रिकाम्या होत बसतात आणि खरेदीवाला विचारतो एवढा कॉस्टिक जातो कुठे.

आमच्याकडे मोठ्या बाहेरच्या व्हेंडरने दोनदा ट्यूनिंग केलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी आमच्याच एका केमिकलच्या मॅडमनी लॅबमध्ये बसून टायट्रेशनचा कर्व्ह काढला, सकाळच्या पाण्याचा वेगळा, रात्रीच्या पाण्याचा वेगळा, आणि म्हणाल्या हे एका टाकीत होणारच नाही. पहिल्या टाकीत चुन्याने ढोबळ काम, दुसऱ्या टाकीत छोट्या डोसिंग पंपाने बारीक. आणि इलेक्ट्रोडवर थर बसतो तो ठरवून धुवायचा. तेव्हापासून बरं आहे. मॅडमना पीआयडी कितपत येतं मला माहीत नाही, पण लूप त्यांनीच लावला.

पाईपवाला

दिघा_लोकल यांनी माझंच म्हणणं सिद्ध केलं! मॅडम अस्सल केमिकल होत्या, मायनर नव्हता. केमिस्ट्री पक्की पाहिजे, बाकी कामावर शिकता येतं.

लूपतोड्या

आणि इलेक्ट्रोड धुवायचा हे कुणी सांगितलं? त्याला इन्स्ट्रूमेंटवाला लागला असणार.

दिघा_लोकल

ते हेल्परने सांगितलं. तोच धुतो.

पाईपवाला

:D :D

जुई_घणसोली

बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. लूपतोड्या काका, टेक्सास सिटीचा रिपोर्ट शोधून वाचायला घेतला, झोप उडाली. दोन-तीन शंका विचारते. पीएलसी-स्काडाच्या क्लासबद्दल कुणी काही बोललं नाही. पब्लिक सेक्टरमध्ये मायनरच्या जोरावर इन्स्ट्रूमेंटच्या पोस्टला अर्ज करता येतो का? आणि कॅस्केड ताई, मुलींना फील्डवर खरंच पाठवतात की नुसतं मुलाखतीत हो म्हणतात?

तळोजाकर

क्लासबद्दल मी सांगतो, माझा भाचा गेला होता. लॅडर लॉजिक (पीएलसीची भाषा) शिकवतात, ट्रॅफिक सिग्नल, लिफ्ट, बाटली भरायचं मशीन. इलेक्ट्रिकल डिप्लोमावाल्याला पॅनल बनवणाऱ्या कंपनीत जायचं असेल तर उपयोग आहे. तुला कंटिन्युअस प्रोसेसमध्ये जायचं तर तिकडे डीसीएस (सगळा प्लांट कंट्रोल रूममधून चालवणारी संगणक यंत्रणा) असतो, विचार करायची पद्धतच वेगळी, तिथे लॅडर फारसा लागत नाही. पैसे भरण्याआधी जाऊन बघ की खरा ट्रान्समीटर आणि खरा व्हॉल्व ठेवलाय की नुसते दिवे लुकलुकतात. शंभर टक्के प्लेसमेंट लिहिलं असेल तर बाहेरूनच परत ये.

कॅस्केड

फुकटातलं आधी संपव. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातून सायलॅब (गणिताचं सॉफ्टवेअर) आणि डीडब्ल्यूसिम दोन्ही शिकता येतात, डीडब्ल्यूसिम हा फुकट फ्लोशीट सिम्युलेटर आहे, त्यात डायनॅमिक मोडमध्ये पीआयडी लावून बघता येतो. एनपीटीईएलवर प्रोसेस कंट्रोलचे कोर्स आहेत. आणि एक आर्डुइनो, एक छोटा हीटर, एक तापमानाचा सेन्सर आणि पंखा, एवढ्यात घरच्या टेबलावर तुझा पहिला लूप होतो. स्वतः स्टेप दे, ग्राफ काढ, डेड टाइम (परिणाम दिसेपर्यंतचा उशीर) आणि टाइम कॉन्स्टंट (बदल किती वेगाने होतो) मोज, ट्यून कर, मग पंख्याला हात लावून डिस्टर्बन्स दे. मुलाखतीत हा ग्राफ दाखवणारी मुलगी आणि सर्टिफिकेट दाखवणारी मुलगी यात मी कुणाला घेईन ते सांगायला नको.

पब्लिक सेक्टरचं, साधारणपणे जाहिरातीत डिग्री कुठल्या शाखेची ते स्पष्ट लिहिलेलं असतं आणि मायनरने शाखा बदलत नाही. तू केमिकलच्याच पोस्टला बसणार. ते काही वाईट नाही, आत गेल्यावर प्रोसेस कंट्रोलचं काम मागून घेता येतं, बहुतेक ठिकाणी कुणाला नकोच असतं.

फील्डचं विचारलंस ते बरं केलंस. पाठवतात, मी जाते, शटडाउनलाही जाते. पण मुलाखतीत तूच उलट विचार की युनिटपासून लेडीज टॉयलेट किती लांब आहे आणि बॉयलर सूट मुलींच्या मापाचा मिळतो का. उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजून जा. पहिल्या साइटवर माझ्या सूटच्या बाह्या दोनदा दुमडाव्या लागायच्या, आणि सेफ्टी ऑफिसर मलाच सांगायचा मॅडम सैल कपडे घालू नका.

खाडीपलीकडचा

उशिरा आलो धाग्यावर. एक वाट कुणीच सांगितली नाही ती म्हणजे प्रोसेस सेफ्टी. हॅझॉप ऐकलं असशील, आयसीआयमध्ये १९६०च्या दशकात सुरू झालेली पद्धत, टेबलाभोवती सगळ्या खात्यांची माणसं बसवून एकेक लाइन घ्यायची आणि फ्लो नाही आला तर, जास्त आला तर, उलटा आला तर असं विचारत जायचं. त्याच्यापुढे लोपा (संरक्षणाचे थर मोजणं), मग सिल (भरवशाची पातळी), मग आयईसी ६१५११ हे मानक. एखादा ट्रिप (धोका दिसताच प्लांट आपोआप बंद करणारी व्यवस्था) किती भरवशाचा असायला हवा हे प्रोसेसच्या धोक्यावरून ठरतं, आणि तो भरवसा ट्रान्समीटर, लॉजिक आणि व्हॉल्व मिळून कसा गाठायचा हे इन्स्ट्रूमेंटेशन. या कामात दोन्ही येणारा माणूस लागतोच लागतो, इथे वर उल्लेख झालेली मधली रेघ म्हणजेच आमचं ऑफिस. बाबांना हे सांग.

माझ्याकडे मुलाखतीला येणाऱ्या पोरांना मी एकच प्रश्न विचारतो, प्लांटची इन्स्ट्रूमेंट एअर (व्हॉल्व हलवणारी दाबाची हवा) गेली तर हा व्हॉल्व कुठे जाईल आणि कुठे जायला हवा? इन्स्ट्रूमेंटवाला पटकन सांगतो एअर टू ओपन (हवेने उघडणारा) आहे म्हणजे बंद होईल. केमिकलवाला पटकन सांगतो स्टीम बंद व्हायला हवी आणि कूलिंग वॉटर उघडं राहायला हवं. दोन्ही अर्धी उत्तरं पूर्ण करणारा क्वचितच येतो.

लूपतोड्या

आणि रिफ्लक्सचा (टॉवरच्या वरून थंड करून परत आत सोडलेल्या द्रवाचा) व्हॉल्व? तिथे तर माझे सीनियर पण भांडायचे.

खाडीपलीकडचा

रिफ्लक्सला मी चहा मागवतो, मग विचारतो.

जुई_घणसोली

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "या लोकांना विचार कंट्रोल व्हॉल्वचं स्पेअर दोन वर्षं रॅकवर पडून राहतं आणि लागतं तेव्हा नेमकं दुसऱ्या साइझचं निघतं, ते का." पण आता नाही म्हणत नाहीयेत. मायनरचे विषय आलेत हातात, सेन्सर्स अँड ट्रान्सड्यूसर्स, अॅनालॉग इलेक्ट्रॉनिक्स, कंट्रोल सिस्टिम्स, इंडस्ट्रियल ऑटोमेशन, आणि एक प्रोजेक्ट. कसे वाटतात?

कॅस्केड

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर पाईपवाल्यांनी द्यावं, डेटाशीटचा वरचा भाग त्यांचा आहे.

विषय ठीक आहेत. कंट्रोल सिस्टिम्समध्ये बोडे, रूट लोकस येईल, त्याचा पाया कॉलेजातच होऊ दे, नंतर वेळ मिळत नाही. अॅनालॉग इलेक्ट्रॉनिक्स तुला कंटाळवाणं वाटेल, पण ४-२० मिलिअॅम्पियर का आणि ० पासून का नाही, वायर तुटली ते कसं कळतं, एवढं तरी त्यातून नीट कळलं तर चालेल. प्रोजेक्ट मात्र केमिकलच्या लॅबमध्ये कर, त्यांच्या नाही. डिस्टिलेशनचं सेटअप असेल तर त्यावर ट्रेच्या तापमानाचा लूप लाव, कॉम्पोझिशन मोजता येत नाही म्हणून तापमानावरून अंदाज कसा बांधतात आणि प्रेशर हललं की तो अंदाज कसा गंडतो ते आयुष्यभर लक्षात राहील.

पाईपवाला

बाबांना नमस्कार सांग. स्पेअरची ऑर्डर रिव्हिजन शून्यवर जाते, व्हॉल्व रिव्हिजन तीनवर बनतो. यापेक्षा जास्त बोलायला मला वकील लागेल.

लूपतोड्या

कॅस्केडना पूर्ण अनुमोदन. जुई, आधी जाऊन बघ की तुमच्या लॅबमध्ये खरा न्यूमॅटिक कंट्रोल व्हॉल्व आहे का. तो नसेल तर सेन्सर्सचा सगळा पेपर फळ्यावरच होणार.

जुई_घणसोली

आहे काका, आजच बघून आले. पण हलत नाही, कंप्रेसर बंद आहे बरेच महिने. लॅब असिस्टंट म्हणाले व्हॉल्व बिघडलाय.

खाडीपलीकडचा

एक मिनिट. व्हॉल्व कुठे थांबलाय, उघडा की बंद?

जुई_घणसोली

बंद. मी नेमप्लेट पुसून वाचली, एअर टू ओपन आहे. म्हणजे तो बरोबर जागी आहे, त्याला फक्त हवा नाहीये. असिस्टंटना तसं सांगितलं तर म्हणाले मग अर्ज करा.

लूपतोड्या

केलास का अर्ज?

जुई_घणसोली

केला. उद्या एचओडींची सही घ्यायचीय.

रिकामटेकडा

आता कंप्रेसर दुरुस्त करायला मेकॅनिकलचा मायनर कोण घेतंय?